नोट्समधली चिन्हं ऐन वेळी वाचता येत नाहीत? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

कॉन्सेक्युटिव्ह इंटरप्रिटिंग, म्हणजे वक्ता थांबल्यावर नोट्सवरून त्याचं बोलणं दुसऱ्या भाषेत सांगणं, हे शिकणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तीच आहे. वक्ता बोलत असतो तेव्हा पेन भराभर चालतं, पान चिन्हांनी भरतं, सगळं हाती लागल्यासारखं वाटतं. मग वक्ता थांबतो, आपली पाळी येते आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीवर नजर अडकते. हा बाण कशाचा? या चौकोनात काय होतं? वाक्य अर्ध्यावर राहतं आणि उरलेलं भाषण अंदाजाने पूर्ण केलं जातं. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे आणखी चिन्हं शिका, कुणाची तरी तयार यादी घेऊन पाठ करा. मला हा सल्ला घातक वाटतो. चिन्हं कमी पडली म्हणून अडखळणारे विद्यार्थी मला क्वचितच भेटतात. चिन्हं फार झाली म्हणून, ती ऐन भाषणात शोधून काढली म्हणून, किंवा पानावर भलत्याच जागी पडली म्हणून अडखळणारे मात्र नेहमी दिसतात. दुभाषे जाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी १९५६ साली जिनिव्हात या विषयावर जे छोटेखानी पुस्तक लिहिलं, त्यात सात तत्त्वं आहेत आणि चिन्हं फक्त वीस. त्या विसांतलीही दहाच अत्यावश्यक, असं ते सांगतात. जवळजवळ सत्तर वर्षं झाली, पण दुभाष्यांच्या शाळांमध्ये शिकवण्याची सुरुवात अजूनही बहुधा तिथूनच होते. दुसऱ्या टोकाला हाइन्त्स मातिसेक यांची १९८९ सालची जर्मन पद्धत आहे. तिच्यात चिन्हांचा मोठा संसार आहे. पण तो थोड्या मूळ चिन्हांवर शिस्तीत रचत नेलेला आहे, जमेल तसा गोळा केलेला नाही. तेव्हा वीस की दोनशे हा वाद बाजूला ठेवा. तुमच्या वहीत नेमका बिघाड कुठे होतो, तो शोधणं हे पहिलं काम.

तपासणी वहीत नको, रेकॉर्डिंगवर करा

बहुतेक जण सरावानंतर वही उघडून बघतात आणि नोट्स छान दिसतात म्हणून समाधान मानतात. त्यातून काही कळत नाही, कारण भाषण अजून डोक्यात ताजं असतं आणि आठवणच चिन्हांच्या जागा भरून काढते. त्याऐवजी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा. मग मूळ भाषण आणि आपलं बोलणं पाठोपाठ ऐका, आणि जिथे थांबलात, गोलमोल बोललात किंवा चुकलात, तिथे वहीत वेगळ्या शाईने खूण करा. प्रत्येक खुणेजवळ एकच गोष्ट लिहा: चिन्ह ओळखता आलं नाही, की चिन्ह ओळखलं पण वाक्य जुळलं नाही, की तिथे मुळात काही लिहिलेलंच नव्हतं?

हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी आहेत. तिसरा आजार तर चिन्हांचा नाहीच. इंटरप्रिटिंगचे संशोधक दानिएल जील यांनी कॉन्सेक्युटिव्हच्या पहिल्या, म्हणजे ऐकत नोट्स घेण्याच्या, टप्प्याची जी मांडणी केली आहे, तिच्यानुसार ऐकून समजून घेणं, नोट्स घेणं, तात्पुरतं लक्षात ठेवणं आणि या सगळ्यांचा मेळ घालणं, ही कामं एकाच मर्यादित शक्तीवर चालतात. नोट्सनी त्यातला जास्त वाटा खाल्ला की ऐकण्याचा वाटा घटतो. वहीत भोक पडलेलं दिसतं, पण बऱ्याचदा त्याआधीचे काही सेकंद आपण एखादं सुबक चिन्ह काढण्यात घालवलेले असतात. म्हणून भोक सापडलं की त्याच्या आधीची ओळ बघा. दोष बहुधा तिथे असतो.

चिन्ह दिसतंय, अर्थ आठवत नाही

याचं कारण जवळपास नेहमी एकच: ते चिन्ह त्याच भाषणात जन्मलेलं असतं. वक्ता 'पारदर्शकता' म्हणाला, तुमच्याकडे त्यासाठी काही नव्हतं, हाताने चटकन खिडकीसारखं काहीतरी काढलं. काढताना अर्थ लख्ख होता. चार मिनिटांनी, मध्ये तीन मुद्दे आणि सहा आकडे येऊन गेल्यावर, ती खिडकी नुसती खिडकी राहते.

माझा नियम सरळ आहे. भाषण चालू असताना नवीन चिन्ह काढायचं नाही. चिन्ह नसेल तर शब्द लिहा, आणि तोही तोडून. चिन्हाचा जन्म भाषणाआधी किंवा भाषणानंतर होतो, भाषणात नाही. याला एकच सूट: एखादी संज्ञा पूर्ण भाषणभर पुन्हापुन्हा येणार हे स्पष्ट झालं, तर पहिल्या वेळी ती अक्षरांत लिहा, तिच्याभोवती गोल करा, शेजारी तिची छोटी खूण काढा, आणि पुढे ती खूण वापरा. म्हणजे त्या खुणेचा अर्थ पानावरच नोंदलेला राहतो.

शब्द तोडायचा कसा, यात मराठीत एक खास अडचण आहे. आपल्याला सवय असते ती सुरुवातीची दोन-तीन अक्षरं लिहून सोडून द्यायची. 'उत्पा' असं लिहिलं तर ते उत्पादन असेल, उत्पादक असेल किंवा उत्पादकता असेल, आणि घाईत त्याचं 'उत्प' झालं तर उत्पन्नही त्यात शिरतं. 'विक' लिहिलंत तर विकास, विकसित आणि विकसनशील हे तिन्ही त्यात बसतात. विकसित देशांच्या जबाबदारीबद्दलचं वाक्य विकसनशील देशांच्या तोंडी गेलं, तर ती भाषेची किरकोळ चूक राहत नाही. रोझाँचा उपाय आहे की शब्दाचं डोकं आणि शेपूट दोन्ही घ्या. मराठीत तो फार छान बसतो, कारण आपले प्रत्ययच शब्दाची जात सांगतात. उ-न म्हणजे उत्पादन, उ-क म्हणजे उत्पादक, उ-ता म्हणजे उत्पादकता. वि-त विकसित, वि-ल विकसनशील. शेवटचं अक्षर थोडं वर, लहान काढलं तर आणखी बरं, म्हणजे ते शेपूट आहे हे नजरेला लगेच कळतं.

आणि शिरोरेषा सोडून द्या. शाळेने लावलेली सवय आहे, सुटायला वेळ लागतो, पण प्रत्येक शब्दामागे पेनाचा एक पूर्ण फेरा वाचतो. फक्त रेषेशिवाय घ आणि ध, भ आणि म यांची तुमच्या हस्ताक्षरात गफलत होते का, ते आधी तपासून घ्या.

एकाच चिन्हाचे पाच अर्थ

आजारी वहीत सर्वांत जास्त छळलेलं चिन्ह म्हणजे आडवा बाण. हे एका उदाहरणावर सावकाश बघू. वक्ता असं म्हणाला समजा:

"गेल्या दहा वर्षांत शहरांची लोकसंख्या झपाट्याने वाढली, पण सार्वजनिक वाहतुकीवरचा खर्च मात्र वाढला नाही. त्यामुळे लोक खासगी गाड्यांकडे वळले आणि हवा बिघडली. सरकारांनी बससेवेवर जास्त पैसा खर्च करायला हवा, असं आमच्या संस्थेचं मत आहे. पण केवळ बसगाड्या वाढवून हा प्रश्न सुटेल, असं मात्र आम्ही म्हणत नाही."

नवख्या वहीत हे साधारण असं उतरतं:

१० व शह ↑↑ खर्च सा वा ↑ → लोक → गाडी → हवा ↓ → सर पै ↑ बस → प्र ✓

एकेक चिन्ह वाचता येतं. तरीही हे पान वक्त्याच्या विरोधात जाणारं आहे. पाच आडवे बाण आहेत आणि पाचांचे अर्थ निराळे: पहिला 'त्यामुळे', दुसरा 'कडे वळले', तिसरा 'परिणामी', चौथा नुसता 'पुढचा मुद्दा', पाचवा 'असं केल्याने'. खर्च वाढला नाही हे गायब आहे, उलट वर जाणारा बाण तो वाढला असं सांगतोय. मत कुणाचं, ते नाही. 'करायला हवा' नाही. आणि शेवटचं 'म्हणत नाही' निसटल्यामुळे, बसगाड्या वाढवल्या की प्रश्न सुटतो, असं दुभाष्या ठामपणे सांगणार. वक्त्याने जे मुद्दाम नाकारलं तेच त्याच्या नावावर जाणार.

तेच भाषण, जवळपास त्याच खुणा, फक्त जागा बदलून:

```
            शह लोक
                     ↑↑ ल   (१० व)
पण          खर्च सा वा
                     × ↑
∴           लोक
                     → खा गाडी
            हवा
                     ↓
──────────────────
आम्ही :
            सर
                     हवं ↑ पै
                              बस
पण आम्ही × "
            फक्त बस ↑
                     सुट ण   प्र
──────────────────
```

आता काय बदललं ते बघा. कोण, काय करतं आणि कशाचं किंवा कुणाला, हे तीन पायऱ्यांनी डावीकडून उजवीकडे उतरत जातं. त्यामुळे 'लोक' आणि 'गाडी' यांचं नातं सांगायला वेगळं चिन्ह लागत नाही, जागाच ते सांगते. वाक्यांना जोडणारे शब्द, म्हणजे पण, म्हणून, जर, तरीही, डावीकडच्या समासात एकटे उभे राहतात. म्हणून बाणाला आता एकच काम उरलं: एकीकडून दुसरीकडे जाणं. मताच्या मालकाची जागाही समासातच. त्यापुढचा विसर्गासारखा दोन टिंबांचा ठिपका म्हणजे 'मत, विचार', आणि अवतरणचिन्ह म्हणजे 'म्हणणं'. या दोन्ही खुणा रोझाँच्याच आहेत आणि काढायला इतक्या स्वस्त की बदलण्याचं कारण नाही. नकाराची खूण इथे × अशी दाखवली आहे. हाताने लिहिताना मी चिन्हावरच आडवी काट मारते, ते जास्त पटकन होतं. काळासाठी 'ल' म्हणजे होऊन गेलेलं आणि 'ण' म्हणजे होणार असलेलं, लहान आकारात, क्रियेच्या खांद्यावर.

तुमचे जे बाण एकापेक्षा जास्त अर्थांनी वापरले जातात, त्यांची वहीतून मोजदाद करा. वर जाणाऱ्या बाणाचे वाढ, सुधारणा, महागणं असे अर्थ चालतील, कारण ते एकाच कुटुंबातले आहेत आणि कर्ता कोण ते कळलं की क्रियापद आपोआप ठरतं: किंमत असेल तर महागली, तब्येत असेल तर सुधारली. पण 'वाढ' आणि 'निर्यात' एकाच बाणावर टांगू नका. 'कारण' आणि 'दिशा' तर कधीच नाही.

'म्हणून'साठीची तीन टिंबं, ∴, आपल्याला भूमितीच्या सिद्धतांमुळे शाळेपासून ओळखीची आहेत, त्यामुळे ती हातात चटकन येतात. मात्र तिची उलटी जोडीदार ∵, म्हणजे 'कारण', मी वापरू देत नाही. वेगाने काढलेल्या तीन टिंबांत वर एक होतं की खाली एक, हे नंतर कळत नाही, आणि कार्य आणि कारण उलटंपालटं होतं. 'कारण'साठी समासात 'का' लिहा. दोन चिन्हं एकमेकांच्या आरशातली प्रतिमा असतील तर त्यांपैकी एक काढून टाका. < आणि > यांचंही तेच. 'पेक्षा जास्त' आणि 'पेक्षा कमी' यांच्यात ज्यांना क्षणभर विचार करावा लागतो, त्यांनी सरळ '+' आणि '−' लिहावं.

मराठीचं क्रियापद शेवटी येतं, तेव्हा

वरच्या उदाहरणात एक खाच आहे, ती मुद्दाम मागे ठेवली होती. 'असं आमच्या संस्थेचं मत आहे' हे वक्त्याने सगळं सांगून झाल्यावर म्हटलं, पण नोट्समध्ये ते सगळ्यांत वर आहे. 'म्हणत नाही'चंही तसंच. मराठी वक्ता नकार, काळ, शक्यता आणि मताचा मालक हे सगळं वाक्याच्या शेपटीला ठेवतो. इंग्रजी किंवा फ्रेंच भाषणांवर बेतलेल्या धड्यांतून शिकलेला हात मात्र तोवर वाक्य लिहून मोकळा झालेला असतो. मराठीतून दुसऱ्या भाषेत जाणाऱ्यांच्या वहीत नकार इतके का निसटतात, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

उपाय जागेचा आहे. एक मुद्दा संपला की मारायच्या प्रत्येक आडव्या रेघेनंतर आणि समासातल्या प्रत्येक जोडशब्दाजवळ एक ओळ रिकामी ठेवायची सवय लावा. ती मालकाची आणि नकाराची ओळ. 'असं ते म्हणतात', 'असं मानलं जातं', 'असं नाही' जेव्हा येईल तेव्हा हात वर जाऊन ती ओळ भरतो. काही आलंच नाही तर ओळ रिकामी राहते, कागद फुकट गेला म्हणून काही बिघडत नाही. क्रियापदाचंही तसंच: कर्ता पहिल्या पायरीवर, कर्म सरळ तिसऱ्या पायरीवर लिहून टाका, मधली पायरी मोकळी सोडा, क्रियापद ऐकू आलं की भरा.

लांब विशेषणं हा दुसरा सापळा. 'गेल्या वर्षीच्या पुरात घरं गमावलेल्या आणि अजूनही छावण्यांत राहणाऱ्या कुटुंबांना' या वाक्यात नाम येईपर्यंत अर्धी ओळ भरून जाते. असं काही सुरू झालं की ते कंसात, एक पायरी खाली लिहा, आणि नामासाठी वरची जागा धरून ठेवा. 'कुटुंबं' आली की ती वर बसतात आणि कंस त्यांच्या खाली लटकतो. बोलताना आधी कुटुंबं दिसतात, मग त्यांची हकिकत.

हे सगळं करायला पेन वक्त्याच्या थोडं मागे असावं लागतं. शब्द आला की लिहिला, असं नाही. कल्पना पूर्ण झाली की लिहायची. दुभाष्या आणि अभ्यासक दानित्सा सेलेस्कोविच यांनी आयुष्यभर हाच आग्रह धरला की दुभाष्या शब्द नेत नाही, अर्थ नेतो, आणि नोट्स फक्त तो अर्थ पुन्हा जागा करतात. अपवाद दोन: आकडे आणि नावं.

आकडे आणि नावं

यांना चिन्ह नसतंच, आणि यांच्याबाबत मागे राहून चालत नाही. आकडा सुरू झाला की जे लिहीत होता ते तिथेच सोडा आणि आकडा घ्या. नाव ऐकू येईल तसं देवनागरीत लिहा. आपली लिपी यासाठी अप्रतिम आहे, परक्या नावांचा उच्चार ती रोमनपेक्षा किती तरी चांगला धरून ठेवते.

आकड्यांत मराठी दुभाष्याला तीन जागी ठेच लागते. पहिली म्हणजे अंकांची सरमिसळ. आपण देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अंक लिहितो, आणि देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. घाईत एका पानावर दोन्ही पद्धती आल्या तर एकोणीस टक्क्यांचे काय होतील सांगता येत नाही. वहीपुरती एक पद्धत ठरवा आणि ती मोडू नका. कोणती, याने फरक पडत नाही.

दुसरी ठेच मराठी संख्यांच्या उच्चाराची. त्रेचाळीसमध्ये तीन आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. एकोणसत्तरमध्ये तर ऐकू येतात सत्तर आणि लिहायचे असतात ६९. म्हणून दोन अंकी संख्या पूर्ण ऐकून मगच पेन टेकवा. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच यांचं दशांशात रूपांतर करत बसू नका. पावणेदोन लाख म्हणजे १¾ ला, अडीच कोटी म्हणजे २½ को, असं लिहा. लाखासाठी 'ला' लिहायचं, नुसता 'ल' नाही, कारण तो आपण भूतकाळाला दिलेला आहे.

तिसरी ठेच मोजणीच्या पद्धतीची. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. ३५ मिलियनचे साडेतीन कोटी आणि २.५ बिलियनचे अडीचशे कोटी होतात, हे कागदावर सोपं वाटतं, पण ऐकता ऐकता करायला गेलं की पुढचं वाक्य जातं. ऐकलं तसंच लिहा: ३५ मि, २.५ बि. शेजारी थोडी जागा सोडा. वक्ता श्वास घेईल किंवा एखादा किस्सा सांगेल तेव्हा रूपांतर त्या जागेत भरा. आणि आकड्याला चौकट करताना त्याच चौकटीत तो कशाचा, तेही एका अक्षराने लिहा. रेकॉर्डिंग तपासताना दिसेल की आकडा चुकण्यापेक्षा आकडा बरोबर आणि वस्तू चुकीची, हे जास्त वेळा होतं.

चिन्हं ओळखली, तरी बोलणं तुटक

इथे चिन्हांना दोष देऊ नका. बोलणारा एकेक चिन्ह वाचून त्याचा शब्द करतोय, म्हणून ते तुटक आहे. रेघेपासून रेघेपर्यंतचा तुकडा एका नजरेत घ्या, मान वर करा, श्रोत्यांकडे बघत तो पूर्ण वाक्यात सांगा, आणि शेवटचे शब्द तोंडात असतानाच नजर पुढच्या तुकड्यावर जाऊ द्या. सांगून झालेल्या तुकड्यावर तिरपी काट मारा, म्हणजे नजर मागे भरकटत नाही. वरून स्पायरल असलेली छोटी वही घ्या आणि पानाच्या एकाच बाजूला लिहा. उभं राहून पानं उलटताना याची किंमत कळते.

नवीन चिन्ह वहीत कसं आणायचं

एका वेळी तीन-चार, त्यापेक्षा जास्त नाही. निवड तुमच्या जुन्या नोट्सवरून करा: जो शब्द तुम्ही वारंवार लांबलचक लिहिता, त्याला चिन्ह मिळायला हवं. जो शब्द महिन्यातून एकदा येतो, त्याला नको. क्रिया आणि नाती यांना आधी द्या, वस्तूंना नंतर. रोझाँच्या विसांतही बराच भर अभिव्यक्ती, हालचाल आणि संबंध यांवर आहे, आणि ते बरोबरच आहे. कोणत्याही विषयाच्या भाषणात लोक म्हणतात, मानतात, वाढवतात, घटवतात, तुलना करतात. ट्रॅक्टरचं चिन्ह मात्र शेतीच्या भाषणातच उपयोगी.

चिन्ह एका झटक्यात, जास्तीत जास्त दोन झटक्यांत काढता आलं पाहिजे. मग वर्तमानपत्रातला अग्रलेख समोर ठेवून, वेळेचं दडपण न घेता, फक्त ती तीन-चार चिन्हं वापरून नोट्स काढा. हात बसला की दोन-तीन मिनिटांच्या संथ भाषणावर या, आणि हळूहळू सहा मिनिटांपर्यंत जा. युरोपीय संघाच्या संस्थांच्या चाचणीत कॉन्सेक्युटिव्हचं भाषण साधारण तेवढंच असतं, म्हणून ती चांगली खूणगाठ आहे. अग्रलेखावर जमलं आणि भाषणात हात पुन्हा जुन्या शब्दाकडे वळतोय, असं होत राहिलं तर ते चिन्ह तुमचं नाही. सोडून द्या. दुसऱ्याच्या हाताला शोभणारं चिन्ह तुमच्या हाताला शोभेलच असं नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आणि तरीही ऐन वेळी अडलात तर

चिन्हाकडे टक लावून बघू नका. समासातला जोडशब्द बघा, आधीची आणि नंतरची पायरी बघा. 'पण' आहे का 'म्हणून' आहे, यावरून अर्थाची दिशा बहुतेक वेळा सापडते. तपशील सापडला नाही तर एक पायरी वरचा, पण खरा शब्द वापरा: कोणती उपाययोजना ते कळत नसेल तर 'उपाययोजना' एवढंच म्हणा, मनाने एखादी घालू नका.

नकार, आकडा आणि मत कुणाचं, या तिघांबाबत मात्र अंदाज अजिबात नको. कॉन्सेक्युटिव्हमध्ये वक्ता शेजारीच असतो, हा मोठा आधार आहे. भाषण संपल्यावर, तोंड उघडण्याआधी, पानावरून एकदा झरझर नजर फिरवा. एखाद्या आकड्याची किंवा नकाराची शंका वाटली तर तिथेच, श्रोत्यांसमोर, एका वाक्यात विचारा: "पस्तीस टक्के म्हणालात ना, घट?" एखाद-दुसरा प्रश्न कुणाला खटकत नाही. आणि त्या प्रश्नाची जागा वहीत वेगळ्या खुणेने नोंदवून ठेवा, म्हणजे घरी गेल्यावर तिथूनच तपासणी सुरू करता येईल.